वरचं खाचर

सगुणाबाई जिना उतरायच्या तो उलटा. तोंड पायऱ्यांकडं आणि पाठ जगाकडं. एक हात कठड्याला, दुसरा समोरच्या पायरीवर टेकवलेला. पायानं मागची पायरी चाचपायची, ती सापडली की अंगाचा भार तिच्यावर सोडायचा, अशा त्या पाचव्या मजल्यावरून खाली यायच्या. माळ्यावरून शिडीनं उतरतात तशा. म्हातारपण येईपर्यंत त्यांनी माळ्याची शिडी आणि विहिरीच्या पायऱ्या सोडून दुसरी चढउतार केलेली नव्हती. सरळ तोंडानं उतरायचं म्हटलं की त्यांचे डोळे फिरत. "पुढं बघून उतरलं की समदं मोकळं मोकळं दिसतं," त्या म्हणायच्या, "पडायला बोलावल्यागत."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, पाठमोरं. पुण्याहून पौड रस्त्यानं पिरंगुट ओलांडल्यावर कासार आंबोलीच्या अलीकडं आमची इमारत आहे. मी उरवड्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून जवळ घर बघत होतो. तळमजल्यावरचा फ्लॅट दाखवायला संदीप आला होता. त्याच्या वडलांची आणि चुलत्याची ही जमीन. मी जिन्याकडं वळलो तर त्यानं मला दंडाला धरून भिंतीला लावलं. "थांबा सर, काकी उतरतीय."

वरून आधी बांगड्यांचा आवाज आला, मग नऊवारीचा काष्टा, मग भेगाळलेल्या टाचा.

"कोण हाय मागं?"

"गिऱ्हाईक हाय काकी. खालच्या फ्लॅटला."

"मग सरा बाजूला. मला मागं दिसत न्हाई."

खाली पोचल्यावर त्या वळल्या आणि मला नीट बघून घेतलं. "खालचा घेताय व्हय? घ्या. चिखल लई असतो खाली." मला ते म्हातारीचं उगाच काहीतरी वाटलं. पुढं त्यांचा हिशेब कळला तेव्हा लक्षात आलं की त्यांनी माझी कीव केली होती.

इमारतीला एक इंग्रजी नाव आहे. कमानीवर सोनेरी अक्षरात होतं, त्यातली दोन अक्षरं पडली आहेत. सगुणाबाईंनी ते नाव कधी घेतलं नाही. इथं पूर्वी भाताचं खाचर होतं, बांधावर आवळा होता म्हणून त्याचं नाव 'आवळीचं'. त्या रिक्षावाल्याला सांगायच्या, "आवळीत सोड." गावातला रिक्षावाला मुकाट सोडायचा. बाहेरचा असला की नकाशात आवळी शोधत बसायचा.

गावात त्यांना सगळे 'थोरल्याबाई' म्हणत, कारण घरातल्या थोरल्या भावाच्या त्या बायको. नवरा जमीन बिल्डरला द्यायच्या आधीच गेला होता. एक मुलगी, मंदा, रिहे गावात दिलेली. मी त्यांना काकू म्हणायचो, त्या मला भाऊ.

वाटणीची गोष्ट मी संदीपकडूनही ऐकली आणि त्यांच्याकडूनही; दोघं एकच सांगतात. जमिनीच्या बदल्यात बिल्डर काही फ्लॅट घरच्यांना देणार होता. भैरवनाथाच्या देवळात बसून कुणाला कोणते हे ठरायचं होतं. बिल्डरच्या माणसानं नकाशा पसरला. मजल्यावर मजले काढलेले. सगुणाबाईंनी तो बघितला आणि त्यांना तो एकदम ओळखीचा वाटला. इकडं डोंगराच्या उतारावर खाचरं अशीच असतात, पायरीवर पायरी. पाणी वरून येतं. आधी वरचं खाचर भरतं, मग वरचा शेतकरी बांधाला तोंड पाडून खालच्याला पाणी देतो. म्हणून वरचं खाचर नेहमी थोरल्याचं आणि खालचं धाकट्याचं. पाण्याचा पहिला हक्क थोरल्याला, आणि ते खाली सोडायची जबाबदारीही त्यालाच. त्यांनी नकाशाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. "ह्ये वरलं आमचं. खाललं धाकल्याचं."

नकाशावाला माणूस गालात हसला, असं संदीप सांगतो. सांगताना तो स्वतःही हसतो, पण फार वेळ नाही.

"तुला कळत होतं ना, खालच्या जागेला जास्त मागणी असते ते?" मी एकदा त्याला विचारलं.

"कळत होतं की सर. पण काकीनं मानाचं घेतलं. देवळात बसून मी पोरगा तिला कसं सांगणार, की तुझा मान खोटा हाय म्हणून?"

त्या वेळी लिफ्ट येणार होती. नकाशात लिफ्टचा चौकोन होता. इमारत झाली, चौकोनाची जागा झाली, तळापासून गच्चीपर्यंत सरळ पोकळ, आणि बिल्डर पुढच्या कामाला निघून गेला. त्या पोकळीला प्रत्येक मजल्यावर फळ्या ठोकल्या आहेत. सगुणाबाई तिला 'आड' म्हणायच्या. लहान पोरं फळीच्या फटीतून ओरडून आवाज घुमवायची तेव्हा त्या दारातून सांगायच्या, "आडात तोंड घालू नगा रं."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटी म्हणजे नोंदणी न झालेली, व्हॉट्सअॅपपुरती. त्या लिफ्टपायी मी किती उंबरे झिजवले ते आठवलं तरी डोकं उठतं. ग्रामपंचायत म्हणायची, हे आता आमच्याकडं नाही, वरच्या ऑफिसला जा. वरचं ऑफिस म्हणायचं, इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला आणा. दाखल्याच्या टेबलावरचे म्हणायचे, आधी लिफ्ट दाखवा. लिफ्टवाला म्हणायचा, दाखला दाखवा, मग वीज जोडून मिळेल. बिल्डरचा फोन लागायचा नाही. लागला तर तो साईटवर असायचा. कुठल्या साईटवर हे विचारायची सोय नव्हती, कारण जिकडं बघावं तिकडं साईटच होती. सगुणाबाईंना हे सगळं मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजी पाणी फिरतंय चिक्कार," त्या म्हणाल्या, "पर कुणाच्याच खाचरात पडंना."

पाचव्या मजल्यावर त्यांच्या समोर निखिल राहायचा. हिंजवडीच्या कंपनीत, बहुतेक दिवस घरूनच काम. दोन दारांमधल्या बोळाला सगुणाबाई बांध समजत. बांधावर दोन्ही शेजाऱ्यांचा सारखा हक्क, तिथं जे पेरायचं ते निम्मं निम्मं. त्यांनी भिंतीला लागून रंगाचे रिकामे डबे मांडले आणि त्यात कोथिंबीर, मेथी लावली. एके दिवशी निखिलची मीटिंग चालू असताना दार वाजवलं.

"तुमच्या निम्म्याला फुलं आली. काढत का न्हाई?"

"आजी, ते तुमचंय ना सगळं?"

"माझं निम्मं म्या खाल्लं. उरलेलं तुमचं. उद्या म्हणाल, म्हातारीनं बांध रेटला."

त्यानं कानातला हेडफोन काढला, खाली बसला आणि फुलावर आलेली कोथिंबीर उपटली. पुढं तो स्वतःच पाणी घालायला लागला. इमारतीतली शेजारधर्माची गोष्ट काढायची तर मला एवढीच आठवते, आणि तीही माझ्या मजल्यावरची नाही.

पाण्याचं मात्र सगळं उलटं झालं. टँकर यायचा, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं, तिथून खाली. सगुणाबाईंना वाटलं होतं, टाकी आपल्या डोक्यावर, म्हणजे पहिलं पाणी आपलं. घडायचं असं, की खालच्यांच्या नळाला जोर असायचा आणि त्यांच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. पहिलं वर्षभर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटत होतं त्यांचंच काहीतरी चुकतंय, आपण तोंड नीट पाडलेलं नाही. एका उन्हाळ्यात सकाळी संदीप खाली पाइप लावून गाडी धूत होता. सगुणाबाई पाच मजले उलट्या उतरून आल्या, वळल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"वरच्यानं अडीवलं तर खालचं करपतं, एवढं म्या ऐकलं हुतं. खालच्यानं ओढलं म्हनून वरचं वाळलं, ह्ये तुझ्याच राज्यात बघितलं."

"काकी, टाकीचा प्रेशर असतो. त्यात माझा काय दोष?"

"तुझा न्हाई. गाडीचा हाय. तिला लई तहान लागलीया."

तो पाइप बंद करायला वळला नाही, नुसता तोटी दाबून उभा राहिला. त्या वर निघून गेल्यावर त्यानं उरलेली गाडी धुतली. मी माझ्या खिडकीतून हे बघत होतो. माझ्याही घरात त्या वेळी कपड्यांचं मशीन चालू होतं.

मग राबाचं प्रकरण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताची रोपं करण्याआधी उन्हाळ्यात जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवून देतात. त्याला राब भाजणं म्हणतात. भाजलेल्या जमिनीत तण येत नाही, रोप जोमानं येतं. सगुणाबाईंकडं आवळीच्या शेवटच्या पिकातलं आंबेमोहोराचं बी फडक्यात बांधलेलं होतं. बी फार वर्षं बांधून ठेवलं तर मरतं. मंदाच्या रिह्याच्या शेतात लावायला त्यांना त्याची रोपं करून द्यायची होती. रिह्याला बी पाठवून भागलं असतं, पण राब ज्याच्या खाचरात त्याचं बी, असं त्यांचं म्हणणं. मग दोर सोडून त्यांनी पाचव्या मजल्यावर माती ओढली, गोवऱ्या ओढल्या, पाला ओढला. कुणाला वाटलं कुंड्या लावतायत.

एका दुपारी ग्रुपवर निखिलचा मेसेज आला: गच्चीवर आग आहे, प्लीज कुणीतरी बघा. पाठोपाठ कुणी हात जोडले, कुणी सिलिंडर बंद करा म्हणून सांगितलं, कुणी आग विझवायचा लाल डबा कुठं असतो ते विचारलं. तो डबा नव्हताच. मी बादली घेऊन धापा टाकत वर गेलो. सगुणाबाई वाऱ्याच्या बाजूला बसून काठीनं पाला सारखा करत होत्या. धूर शांतपणे डोंगराकडं चालला होता.

"काकू, हे काय?"

"राब."

"गच्चीवर?"

"मग कुटं? आवळीत तुमी ऱ्हाताय."

मला बादली खाली ठेवावी लागली. पण सेक्रेटरीला काहीतरी बोलावंच लागतं, म्हणून मी खाली डांबराचा थर असतो, तो पाणी अडवतो, तो वितळेल वगैरे सांगितलं. त्यांनी मातीत हात घातला. "खाली वीतभर माती हाय. मातीखाली काय जळत न्हाई." आवळीत जळलं नसतंच. इथं थराला फोड आले, आणि पावसाळ्यात पाणी झिरपलं ते नेमकं त्यांच्याच स्वयंपाकघरात. त्यांनी खाली पातेली ठेवली. तक्रार केली नाही. मला ते निखिलकडून कळलं. रोपं मात्र आली, थोडी पिवळट. जावई मोटारसायकलवर पोत्यात घालून घेऊन गेला.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडं येतो. हे मी बायको सोडून कुणाला बोललेलो नाही, आणि तिला सांगायची गरज नव्हती, ती तिथंच होती.

पाऊस उघडल्यावर एके दिवशी सगुणाबाई आमच्या दारात आल्या. तोवर त्यांचे गुडघे पार गेले होते. खाली येणं आठवड्यातून एकदा, तेही डॉक्टरसाठी. उंबऱ्यावर बसल्या, दम खाल्ला. माझ्या फ्लॅटच्या मागं एक पट्टी मोकळी आहे, तिथं मी कढीपत्ता लावला आहे. त्या म्हणाल्या, बघू या का. घरातून मागच्या दाराकडं गेल्या, वाकल्या आणि तळवा जमिनीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तिथंच बसून म्हणाल्या,

"भाऊ, एक बोलू का? माझं वरलं तुमच्यापरास मोठं हाय. हवा हाय. तुमी वर या, मी हितं येते. अदलाबदल करू."

"असं कसं काकू?"

"खाचरं आमी अशीच बदलायचो. बांधावर नारळ फोडायचा, चार माणसं हुबी करायची. झालं."

"पण कशाला?"

"शेवटाला माणसाला खाली घेत्यात. भुईवर. मालक गेलं तवा म्या सोता भुई सारवली आन् त्यास्नी खाली घेतलं. मला वर कशावर घेतील? फरशी काय भुई हाय? चौथ्या मजल्यावर ती नवी नवरी ऱ्हाती. तिच्या पंख्यावर मी मरायचं व्हय?"

मला हसू आलं. त्याही हसल्या. "हसा. पर सांगा."

मी विचारलं, संदीपकडं का नाही मागत. त्याच्या खालच्या दोन जागा अजून त्याच्याकडंच होत्या, एकीत व्यायामशाळा होती.

"वाटणी म्या केली. देवळात बोट म्या ठिवलं. आता त्येच्या दारात जाऊन काय म्हणू, बोट चुकलं?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमी परके. परक्याला मागायला लाज न्हाई."

मी म्हणालो, "बघतो."

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "देऊन टाका की हो. आपले गुडघे अजून चांगले आहेत." मी तिला सांगितलं, असं करता येत नाही. दाखला नाही, दाखल्याशिवाय कागद होत नाहीत, कागदाशिवाय अदलाबदल म्हणजे उद्या वारसांची भांडणं. यातला प्रत्येक शब्द खरा होता. "कागद कुणी मागितलाय," ती म्हणाली, "नुसतं राहायला जायचं." खरं कारण इतकं साधं होतं की बोलायलाही जड जावं. मला जिने चढायचे नव्हते. माझ्या नळाला पाणी होतं, त्यांचं छत गळत होतं, आणि ते छत गळतंय हे सेक्रेटरी म्हणून मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मागायचं ते एकदाच, असा त्यांचा नेम होता, "दुसऱ्यांदा मागितलं का ती भीक झाली." मला मात्र त्यांनी विचारावं असं वाटायचं आणि विचारू नये असंही वाटायचं. जिन्यात बांगड्या वाजल्या की मी आत जाऊन दार लोटून घ्यायचो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दाराआड उभा राहून म्हातारी गेली का याचा कानोसा घेतोय. एकदा बायकोनं मला तसं उभं पाहिलं. ती भाजी चिरत राहिली.

लिफ्टसाठी आपणच वर्गणी काढू या, म्हणून मी पार्किंगमध्ये बैठक बोलावली. हे मी त्यांच्यासाठी केलं असं स्वतःला सांगत होतो. खरं तर लिफ्ट आली असती तर माझं 'बघतो' आपोआप मिटलं असतं. खालच्या दोन मजल्यांचे मालक म्हणाले, आम्हाला लिफ्टचा उपयोग काय. संदीप म्हणाला, "ज्याला लागतीय त्यानं बसवावी." तेवढ्यात सगुणाबाई आल्या. त्या निघाल्या बैठकीच्या आधी होत्या, पोचल्या मध्येच. खुर्ची दिली ती घेतली नाही, पायरीवर बसल्या.

"वरच्याचा बांध फुटला तर माती कुणाच्या रानात येती?"

खालच्या मजल्यांचे मालक संदीपकडं बघायला लागले.

"संदीप, तुला इचारतेय."

"खालच्याच्या."

"मग बांध कुणी घालायचा?"

"दोघांनी. पण काकी, ह्यो बांध न्हाई. लिफ्ट हाय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "ते बी खरं हाय."

इतक्या लवकर त्यांनी हार मानलेली मी कधी बघितली नव्हती. विषय पुढच्या बैठकीवर गेला. ती बैठक मी बोलावली नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात त्या न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण पाय धरेना. मंदा गाडी घेऊन न्यायला आली. प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोर बांधून निखिलनं आणि दोघा-तिघांनी त्यांना खाली आणलं. शेवटचे दोन मजले खुर्चीच्या एका पायाला माझाही हात होता. त्या रस्ताभर सूचना देत होत्या. "सावकाश, रं बाबा. मी काय फ्रिज हाय?" निखिल हसायला लागला आणि खुर्ची डगमगली. "हसू नगंस. हसायचं खाली जाऊन."

खाली पोचल्यावर दम खायला खुर्ची ठेवली ती माझ्या दारापुढं. दार उघडंच होतं. बायकोनं पाणी आणलं. सगुणाबाईंनी ते सावकाश पिलं. माझ्या घरातून आरपार मागचं दार दिसतं, त्याच्या पलीकडं कढीपत्ता. त्या तिकडं बघत होत्या. मी त्यांच्याजवळ उभा होतो. एवढंच म्हणायचं होतं, की इथंच राहा. मंदा होती, चार माणसं होती, नारळसुद्धा कोपऱ्यावर मिळाला असता. मी म्हणालो, "काळजी घ्या, काकू." त्यांनी पेला परत दिला आणि म्हणाल्या, "घेते की."

मंदाच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रिह्यात अजून भात होतो, पण शनिवार-रविवारी शहरातून लोक हवा खायला येतात. जावयानं जुनं घर पाडून वर-खाली नवं बांधलं. खालच्या खोल्यांना ओसरी आहे, समोर खोरं दिसतं. त्या खोल्या पाहुण्यांना देतात. घरचे वर राहतात. त्याला मी नावं ठेवणार नाही. त्यावर त्याच्या मुलांचं शिक्षण चाललं आहे. पण सगुणाबाईंना त्यानं नेलं ते वरच. आठवडाभर उचलायला दोन माणसं मिळाली की त्या खाली अंगणात, शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा वर.

त्या गेल्याचं मंदानंच फोनवर सांगितलं. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. मला एकच विचारायचं होतं आणि ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. तिलाच कळलं असावं. म्हणाली, "शनवार होता, भाऊ. खाली पावणे होते."

त्याच्या आधी एकदा मी रिह्याला जाऊन आलो होतो. कारखान्यातून लवकर निघालो, घरी सांगितलं नाही. सगुणाबाई अंगणात होत्या. खुर्ची बाजूला रिकामी, आणि त्या जमिनीवर, पाय पसरून. बारीक झाल्या होत्या. मला ओळखलं.

"लिफ्ट बसली का?"

"नाही."

"मग वरले कसं करत्यात?"

"चढतात."

त्यांनी मान हलवली. मी उकिडवा बसलो आणि कारखान्यापासून घोळवत आणलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. काकू, माझी जागा तुम्ही घ्या. आजच चला. मी वर जातो, कागद-बिगद काही नको. त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. पाऊस कधीचा येऊन गेल्यावर औत घेऊन निघालेल्या माणसाकडं बघावं तसं.

"भाऊ, लई उशिरा पाणी सोडलं तुमी. आता मला हालवायची म्हंजी चार माणसांचं काम. आन् तितं नेऊन ठिवलं तर मंदीला काय म्हणतील लोकं? आईला परक्याच्या घरात टाकली." मग म्हणाल्या, "तुमच्या बायकूनं पाणी दिलं हुतं त्या दिशी. ग्वाड हुतं."

मी उठलो. शुक्रवार होता. फाटकातून एक पांढरी गाडी आत आली आणि अंगणात मागं घ्यायला लागली. वरून जावई पायऱ्या उतरत ओरडला, "मामी, जरा सरा, पावण्यांना गाडी लावायचीय. थांबा, पोरं येत्यात, वर घेतो तुमाला."

मी मोटारसायकल फाटकाबाहेर लावली होती. ती चालू करता करता मागं बघितलं. गाडीचा चालक काचेतून डोकं बाहेर काढून वाट बघत होता, मागचे दिवे लाल लागलेले. जावई हातवारे करून त्याला थांबवत होता. सगुणाबाई दोन्ही तळवे भुईवर टेकून बसल्या होत्या. चालकानं हॉर्न दिला. त्या हलल्या नाहीत.